माया

दांडिया बाजारात, होमिओपॅथच्या दवाखान्याच्या वर
माझी एक खोली, दोन मशिनं
आणि हूक-काजं करायला जिग्ना.
मराठी बायका हेमांगीताई म्हणतात, गुजराती हेमांगीबेन,
रिपोर्टवर मी आहे
एफ, त्रेपन्न, डावी बाजू.

पहिल्या कागदावर दोनदा पॉझिटिव्ह होतं, एकदा निगेटिव्ह.
मी घाबरले ती पॉझिटिव्हला.
डॉक्टर व्होरा म्हणाल्या, उलटं वाचताय.
हे पॉझिटिव्ह म्हणजे दाराला कडी आहे,
गोळीला धरायला काहीतरी आहे.
रोज एक, पाच वर्षं.
आणि शंभर पेशींतल्या चौदाच वाढायच्या घाईत,
चौदा म्हणजे फार नाहीत.

शंभर मोजल्या कोणी? मी विचारलं.
आहे एक मुलगा, खाली लॅबमध्ये.
मला तो आवडला, न बघताच.
मान मोडेपर्यंत तपकिरी ठिपके मोजणारा.

मार्कर म्हणजे खूण, एवढं मला कळतं.
तीस वर्षं खडूने तेच करतेय.
टक्स इथे, बाही इथे, गळा इथवर.
खूण कापत नाही,
कात्री कुठून जाईल तेवढं सांगते.
आणि तरी सुती खण पहिल्या धुण्यात आटतो,
क्रेप तिरका ओढला जातो,
बाई दिवाळीनंतर भरून येते,
खडूला यातलं काही ठाऊक नसतं.

दर तीन महिन्यांनी रावपुऱ्यात रक्त देते.
एकोणीस. बावीस. एकवीस.
मापांच्या वहीत लिहून ठेवते,
मोहितेकाकूंच्या कंबरेच्या पाठच्या पानावर.
तिसाच्या आत असावं म्हणतात.
काकूंची कंबरही होती तिसाच्या आत, एके काळी.

यंदा भाद्रपदात चौतीस.

नवरात्राच्या सत्तावीस चणियाचोळ्या बाकी होत्या,
आरसे लावायचे, लटकणं, नाड्या.
चौतीस हा माझ्या बोटांतला आकडा,
टेपवर दिवसातून दहादा त्याच्यावर अंगठा टेकतो.
त्या दिवशी अंगठा तेहतिसावरून
थेट पस्तिसावर गेला.
दोन पोरींच्या चोळ्या सैल झाल्या.
जिग्नाने उसवल्या, विचारलं नाही काही.

एका आकड्यावर जाऊ नका, डॉक्टर म्हणाल्या,
दिशा बघायची असते.
यकृत कुरकुरलं तरी वाढतो हा,
कधी कशाहीशिवाय, नुसताच.
सहा आठवड्यांनी परत बघू.
चिंता ना करशो, बेन.
मग थोडं थांबून, त्यांच्या मोडक्या मराठीत:
म्हणजे, करालच.

आज त्यातला चौथा रविवार.
व्होरा मॅडम जिना चढून वर आल्या, धापा टाकत,
पिशवीत जांभळं टसर.
मुलीचं लग्न फेब्रुवारीत.

मी टेप छातीभोवती घेतली.
त्यांनी श्वास धरला. सगळ्याच धरतात.
सोडा, म्हटलं, धरलेल्या श्वासात माप खोटं येतं.
सोडला. खांदे खाली आले.
अडतीस.
माझी डावी बाजू त्यांच्या कोपराला लागली,
आत कापूस आहे, मीच शिवलेला.
त्यांना माहीत आहे. त्या हलल्या नाहीत.

कधी देणार? त्यांनी विचारलं
आणि विचारून गप्प झाल्या,
जीभ चावल्यासारख्या.
खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती,
आम्ही दोघींनी ती ऐकली.

जानेवारीत ट्रायलला या, मी म्हटलं.
वहीत लिहिलं: व्होरा, अडतीस, बाही कोपरापर्यंत,
आणि त्यांच्यादेखत, दोन्ही बाजूंना
आत दीड इंच माया.

एवढी?

असू दे, म्हटलं. लागली नाही तर
पडून राहते शिवणीत. टोचत नाही.
जिग्ना, नवा खडू काढ गं.